पिक्चरमध्ये डबा नव्हता

माय, नातीला बघायला येणाऱ्या मुलाकडची सगळ्यात आधी आली ती त्याची आत्या. दुपारची जेवणं उरकून या असा निरोप दिलेला, अन् ही बाई सकाळीच फुलंब्रीहून पहिल्या गाडीला बसून दारात हजर. सून नुकती न्हाऊन केस झटकतेय, माझा मुलगा कोथिंबीर आणायला गेलेला, जिला बघायला येणार ती माझी नात ओल्या केसांनी, गाऊनवरच टीव्हीपुढं मांडी घालून बसलेली, अन् टीव्हीवर तुझा पिक्चर पुन्हा लागलेला. व्हय, तुझाच. काळा-पांढरा, इंग्रजी, गोऱ्या बाईचा. मेल्यावर माणसाला दचकता येत असेल तर दचक, कारण तू पकडली गेलीस. इतक्या वर्षांनी, मी स्वतः पणजी व्हायच्या वयात, तुझी चोरी माझ्या हाताला लागली, अन् मला इतका आनंद झालाय की आठवडा झाला, एकटीच हसते. सून मला आत्याबाई म्हणते; तिचं म्हणणं, आत्याबाईंना काहीतरी झालंय. झालंयच.

मी तिसरीपर्यंत शिकले, तीही अर्धी उर्दूत अन् अर्धी मराठीत, कारण मधेच निजामाचं राज्य गेलं. तरी अक्षर लावता येतं. यंदाच्या कॅलेंडरची सरलेली पानं पाठीवर कोरी असतात, त्यावर हे लिहितेय. तुला मात्र सही पण येत नव्हती, अंगठाच. म्हणजे हा कागद तुझ्यापाशी पोचलाच, तरी तू कुणाकडून तरी वाचून घेणार, अन् वाचणारी बाई जे सांगेल तेच तुला खरं मानावं लागेल. तिनं मनचं घातलं तरी तुला कळायचं नाही. बस. एवढीच शिक्षा मला तुझ्यासाठी सुचली, अन् ती लई चांगली आहे.

आता नीट सांगते, नाहीतर म्हणशील पोरगी पाल्हाळ लावते. नात बँकेत आहे. दिवसभर आकडे बघून डोळे शिणतात म्हणते अन् डोळ्यांना आराम म्हणून पुन्हा टीव्हीच बघते, हा न्याय मला कळलेला नाही. मागच्या आठवड्यात तिनं जुना इंग्रजी पिक्चर लावला. मी लसूण सोलत बसले होते. वर पाहिलं तर मोठा जिना, जिन्यावर पांढरे हातमोजे घातलेली बाई, अन् भिंतीवर तिचीच मोठी तसबीर. माझ्या हातातली पाकळी खाली पडली. म्हटलं, अगं ही तीच! हिचं पुढं वाट्टोळं होतं बघ. नात म्हणाली, "आजी, तुला काय माहीत?" म्हटलं, "मी बघितलाय. माझ्या मायनं सांगितलाय मला सगळा."

तुला आठवतंय का तो दिवस? मला तर त्या दिवसाचा वासही आठवतो, शेंगदाण्याच्या फोलपटांचा अन् बायकांच्या डोक्याच्या तेलाचा. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झालेली. माझं वय तेरा-चौदा. टॉकीजमध्ये बायकांचा जनाना वेगळा, मधे जाड पडदा, अंधार झाला की पडदा सारायचे. आपल्या गल्लीच्या साऱ्या बायका नटूनथटून देवाधर्माचा पिक्चर बघायला गेलेल्या. अन् त्याची रिळांची पेटी आलीच नाही. मनमाडहून गाडीत चढली होती म्हणे, पण लासूर स्टेशनात कुणीतरी आडतीवरच्या मालाबरोबर उतरवून घेतली. टॉकीजवाल्यानं काय करावं? छावणीतल्या साहेब लोकांसाठी आणलेला इंग्रजी पिक्चर पडला होता, तो लावला. बायकांनी असा कल्ला केला की पडद्यापलीकडचे पुरुष गप झाले. शेजारची खाला उभी राहून ओरडली, "अगे ये क्या गिटपिट लगाए! हमना क्या समझींगे?" तेव्हा तू उठलीस. पदर सारखा केलास अन् म्हणालीस, "बसा गं खाली. मी सांगते. मला येतं विंग्रजी."

तुला येत होतं! छावणीत साहेबाच्या बंगल्यावर तू आयाचं काम करायचीस, तिथून तू चार शब्द आणले होतेस. कम, गो, हॉट वॉटर, व्हेरी बॅड. त्या चार शब्दांवर गल्लीत तुझा दरारा. कुणाला तार आली तर तुझ्याकडं आणायचे, अन् तू ती उलटीसुलटी करून "काय नाय, सगळे खुशाल हायेत" म्हणून परत द्यायचीस. एकदा मयताच्या तारेला तू खुशाल सांगितलंस अन् त्यांच्याकडं पुरण शिजलं, ते मी विसरलेले नाही.

तर तू मधोमध उभी राहिलीस, पडद्याच्या उजेडात अर्धं तोंड, अन् सांगायला लागलीस. ही बाई लई देखणी. हिच्या देखणेपणावर भाळून नवऱ्यानं हिला केली. रोज हिला पुढ्यात बसवतो अन् बघत बसतो. जेवायचं विसरतो. तोवर सगळ्या खूष. मग तू म्हणालीस, "अन् एक साल आलं देवीचं. बाईला देवी आल्या. जगली, पण तोंडावर वण राहिले." खाला म्हणाली, "कहाँ हैं गे वण? चिकनी तो दिसरी." तू म्हणालीस, "पावडर लावलीय. साहेबणींचे वण तसे दिसत नसतात." कुणी पुढं विचारलं नाही. पडद्यावर ती बाई दिवे मालवत होती. पाहुणे यायच्या आधी एकेक दिवा फुंकायची, म्हणजे तोंड उजेडात यायला नको. मग तिनं भिंतीवरची आपली तसबीर भिंतीकडं तोंड करून उलटी लावली. तिथं तू गप्प झालीस. पूर्ण पिक्चरभर तेवढंच गप्प झालीस. मग स्टेशन आलं. गाडी उभी. बाईच्या हातात पेटी. तू सांगितलंस, "नवरा चाललाय सोडून. आत बसलाय तोंड फिरवून, म्हणून दिसत नाय. ही डबा घेऊन आलीय त्याच्यासाठी." एक म्हातारी म्हणाली, "एवढा मोठा डबा?" तू म्हणालीस, "साहेब लोकाचा डबा मोठाच असतो." मग ती बाई स्वतःच गाडीत जाऊन बसली, हातमोजे काढले, खिडकीतून ऊन आलं तोंडावर, अन् ती हसायला लागली. तू म्हणालीस, "खुळी झाली. दुःखानं हसतीय." अन् सगळा जनाना रडला. खाला तर इतकी रडली की तिच्या पोराला उचकी लागली.

घरी येताना अंधाऱ्या बोळात तू माझा दंड धरलास अन् म्हणालीस, "बघितलंस? जो रूप बघून करतो, तो रूप गेल्यावर सोडतो. जो बघत नाय, त्याला सोडायचं कारण नाय. ध्यानात ठेव."

मी ठेवलं, माय. तोच तर माझा राग आहे. दुसरं काही ध्यानात ठेवलं नाही मी जन्मात, चुलीवर दूध विसरते, पण ते ठेवलं.

गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात तो होता, तुला माहीत आहे कोण. मालकाचा पुतण्या. दिवाळीचे खण घ्यायला गेलो होतो तेव्हा त्यानं एक आवळी, फिकट हिरव्या रंगाचं कापड उलगडून माझ्या खांद्याजवळ धरलं, हात न लावता, अन् म्हणाला, "हा रंग या वर्षी पहिल्यांदाच आलाय. तुम्ही आलात अन् तो आला." काय वावगं होतं त्यात? मी त्याआधी कधी कुणाच्या डोळ्यांत माझा रंग बघितला नव्हता. तू कापड त्याच्या हातातून ओढून घेतलंस, घडी न करता गादीवर टाकलंस अन् भर दुकानात म्हणालीस, "आम्हाला पक्का रंग पाहिजे. उडणारा नको." तो हसला. त्याला वाटलं कापडाचं बोलतेय. पुढं त्याच्या घरून विचारणं आलं तेव्हा तू मला विचारलंस, अगदी नीट, जवळ बसवून, "तुझं काय म्हणणं हाय?" अन् मला आठवली ती गाडीत खुळी होऊन हसणारी बाई. मीच नाही म्हटलं. तू बळजबरी केली असतीस तर मी पळून तरी गेले असते. तू मला पिक्चर दाखवलास.

मग लासूरच्या आडतीवरचा आला. माझ्याहून बराच थोराड. चहा घेताना त्यानं मान वर केली नाही, मी पाया पडले तेव्हा माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत राहिला. तू खूष. म्हणालीस, "सोन्यासारखा माणूस. नजर कशी, जमिनीत गाडलेली." लग्न झालं. माणूस वाईट नव्हता हो, हे लिहिलं पाहिजे, नाहीतर त्याचा आत्मा माझ्या मुलाच्या स्वप्नात येईल. हात उगारला नाही, दारू नाही, पगार घरी. आडतीवर ज्वारीचा दाणा चिमटीत धरून उजेडाकडं करायचा, फुंकर मारायचा, दाताखाली फोडायचा अन् मग भाव सांगायचा. दाण्याकडं इतकं बघणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी मात्र बघायच्या यादीत नव्हते. नवं लुगडं नेसून पुढ्यातून तीनदा गेले तर म्हणायचा, "दार लाव, वारं येतंय."

खुलताबादच्या जत्रेची गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. सांगायची लाज वाटायची. मोठा मुलगा कडेवर होता. भद्रा मारुतीला गर्दी ही एवढी, अन् हा पुढं पुढं चाललेला, मागं वळून बघायची सवय नाही. मी बांगड्यांपाशी थांबले अन् चुकले. शेवटी पोलिसांच्या राहुटीपाशी आले तर हा आधीच तिथं उभा, पाठमोरा. शिपाई विचारतोय,

"बायको हरवली म्हणता. दिसायला कशी?"

"चांगली हाय."

"अहो, गोरी का सावळी?"

"आपल्यासारखीच."

"उंच? बुटकी?"

"घरात मावते तेवढी."

"लुगडं कोणतं नेसलंय?"

यानं टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, "नेसलंय."

शिपाई पोट धरून हसला. आजूबाजूचे हसले. मी मागं उभी राहून ऐकतेय, अन् मला पण हसू आलं, माय. हसले अन् मग तोंडात पदर कोंबला, कारण हसू थांबेना अन् ते हसू राहिलं नाही. त्याला हाक मारली तेव्हा तो वळला अन् म्हणाला, "कुठं गेलतीस? हे काय, लेकरू जड झालं असेल, आण इकडं." एवढं चांगलं माणूस. मला काय हवं होतं ते त्याला सांगायला मला शब्द नव्हता. तुझ्यापाशी होता तो शब्द. तू त्याला उडणारा रंग म्हणालीस.

म्हणून मागच्या आठवड्यात मी नातीपुढं लसणाचं ताट सारून बसले. म्हटलं, आता बघ, हिला देवी येतात. नात पडद्याच्या तळाशी येणाऱ्या हिंदी ओळी वाचून मला सांगत होती. देवी येईनात. बाईला नुसतं वय झालं, डोळ्याच्या कडेला एक रेघ. तिचा नवरा तिच्याकडं बघतच नाही, आल्यागेल्याला जिन्यावरची तसबीर दाखवतो अन् म्हणतो, ही माझी बायको. बाई शेजारी उभी असते तरी. मग ती दिवे मालवते, तसबीर उलटी लावते, अन् स्टेशन येतं. मी म्हटलं, "आता डबा बघ. नवऱ्याला डबा द्यायला आलीय." नात म्हणाली, "आजी, कसला डबा? सुटकेस आहे ती. तिचे कपडे आहेत तिच्यात. नवरा नाहीच आलेला, तो घरी झोपलाय. ती चाललीय त्याला सोडून."

"मग खुळी कशानं झाली?"

"खुळी कुठं? खूष आहे ती. म्हणून तर हसतेय. इतक्या दिवसांनी तोंड उन्हात धरलंय तिनं."

मी पुन्हा लावायला लावला. तिसऱ्यांदा लावला. प्रत्येक वेळी मी डब्याची वाट बघत होते, अन् प्रत्येक वेळी ती सुटकेस. म्हटलं, माय गं माय! ठगवलंस की! मला इतकं हसू आलं की सून पाणी घेऊन धावत आली. एका गोऱ्या बाईला तू सत्तर वर्षं माझ्या डोक्यात खुळी करून ठेवलीस, अन् ती शहाणी, आपली पेटी भरून, ऊन खात चाललेली! चोर, लबाड बाई. चार शब्दांवर साम्राज्य केलंस.

हसू सरल्यावर मग दुसरं आठवलं. पिक्चरमध्ये डबा नव्हता, मग मी बघितला कुठं? मी तर बघितला होता. पितळी, कलईचा, कडीत चमचा अडकवलेला. स्टेशनावर. पोलीस ॲक्शननंतर गाड्या पुन्हा नीट चालू झाल्या तेव्हा माझा बा हैदराबादला चाललेला, कामाला म्हणून, दिवाळीला येतो म्हणून. तुला त्या वर्षी देवी येऊन गेलेल्या. मी तुझा पदर धरून, तू खिडकीखाली डबा धरून उभी, अन् बा आत पलीकडं तोंड करून बसलेला. गाडी हलली तरी डबा तुझ्याच हातात. घरी येऊन तू तो उघडलास अन् मला म्हणालीस, "खा. गरम हाय अजून." पुऱ्या होत्या. मी सगळ्या खाल्ल्या. तू भिंतीवरचा आरसा उलटा लावलास, अन् तो मग कुंकू लावण्यापुरताच सुलटा व्हायचा. गल्लीत कुणी विचारलं तर तू सांगायचीस, पोलीस ॲक्शनच्या पळापळीत माणूस हरवला. अन् गल्ली मान हलवायची.

म्हणजे त्या दिवशी जनान्यातल्या बायका पडद्याकडं बघून रडतच नव्हत्या. तुझ्याकडं बघून रडत होत्या. खालाला ठाऊक होतं, म्हणून तर तिनं वण कुठं आहेत म्हणून पुन्हा विचारलं नाही. एकटी मीच तेवढी पडद्याकडं बघत होते.

हे कळलं म्हणून मी विरघळले असं समजू नकोस. उलट जास्तच पेटले. दुखणं तुझं, अन् औषध मला पाजलंस! तुला बघणाऱ्यानं सोडलं, म्हणून मला न बघणारा दिलास. सरळ सांगायचं होतंस, बोळात, दंड धरलाच होतास तर. चौदाची होते, कळलं असतं मला. रडले असते तुझ्याबरोबर अन् दुसऱ्या दिवशी गुलमंडीत जाऊन आवळी रंग घेतला असता.

बरं, पाहुणे राहिले. तर आत्या आली, खुर्ची नको म्हणाली, माझ्या शेजारी सतरंजीवर बसली अन् टीव्हीकडं बोट करून म्हणाली, "मावशी, ह्या गोऱ्या बाईचं काय चाललंय?" मी नवीनच शिकलेली, सांगायला लागले. जिना, तसबीर, दिवे. आत्या लई रंगली. तेवढ्यात मुलगा अन् त्याचे आईबाप पण वेळेच्या आधीच आले, टीव्ही बंद झाला, नातीला आत नेऊन साडी गुंडाळली. आदल्या दिवशी ही पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होती, "आजी, फोनवर बरा बोलतो. पण सगळ्यांना घाई झालीय. तू बघ त्याला. तू म्हणशील ते मी करीन." मी म्हणेन ते! असंच एका पोरीनं ऐकलं होतं कुणाचंतरी.

अन् हा मुलगा आत आला, बसला, अन् नजर जमिनीत. गाडलेली. पोहे खातोय, ताटलीकडं बघतोय. नात चहा घेऊन आली, त्यानं कप घेतला, कपाकडं बघितलं. सून माझ्या कानात, "किती सालस आहे बघा." आत्या अभिमानानं, "आमच्या पोरानं आजवर परक्या पोरीकडं मान वर करून बघितलं नाय." माय, मी मनात कपाळ बडवलं. म्हटलं, लासूरचा आला. पुन्हा आला.

आता मी सरळ उठून नको म्हणू शकले असते. म्हातारीला कोण अडवतो? पण आत्याच म्हणाली, "मावशी, त्या बाईचं अर्धंच राहिलं की. पुढं काय झालं?" अन् माझी जीभ आपोआप सुटली. म्हटलं, पुढं काय, नवरा चांगला, पण बायकोकडं कधी बघितलंच नाही त्यानं. एकदा दोघं जत्रेला गेली. नात आतल्या दारात उभी, तिचे डोळे मोठे झाले. मी तिच्याकडं बघितलंच नाही. म्हटलं, जत्रेत बायको हरवली. हा शिपायाकडं गेला. शिपाई विचारतो, गोरी का सावळी? हा म्हणतो, आपल्यासारखीच. उंच का बुटकी? घरात मावते तेवढी. मुलाचा बाप मोठ्यानं हसला, त्याच्या आईनं मात्र नवऱ्याकडं असं बघितलं की त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. शिपाई विचारतो, लुगडं कोणतं नेसलंय? अन् मी थांबले.

मुलानं मान वर केली. "मग? काय सांगितलं त्यानं?"

म्हटलं, "तुम्हीच सांगा की. तुमची हरवली तर काय सांगाल?"

सून कासावीस, "आत्याबाई!" म्हणून. मुलाचे कान लाल झाले. ताटली खाली ठेवली, दाराकडं बघितलं, नीट बघितलं, अन् हळूच म्हणाला, "डाव्या भुवईत तीळ आहे. केस वाळलेले नाहीत अजून, मानेला चिकटलेत. हसू दाबायचं असलं की खालचा ओठ दातात धरतात. आत्ता धरलाय." मग घाबरून पुन्हा ताटलीकडं. आत्या त्याच्याकडं बघतच राहिली. "अन् म्हणे मान वर करत नाय! कधी बघितलंस रे?" तो म्हणाला, "चहा घेताना. कपात दिसत होतं."

नातीनं ओठ सोडला अन् खळखळून हसली. मी आत गेले, उगाच साखरेचा डबा पुढं-मागं केला. कपात बघून घेणारे पण असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लासूरचा पण कधी कपात बघत असेल का, हे आता कुणाला विचारू?

पाहुणे गेल्यावर नात माझ्यामागं स्वयंपाकघरात आली, कमरेवर हात. "आजी, पिक्चरमध्ये शिपाई कुठं होता?"

"तुझी नजर चुकली असेल."

"अन् जत्रा?"

"साहेब लोकांची पण जत्रा असते."

ती मला घट्ट बिलगली अन् म्हणाली, "मी हो म्हणू का?" मी म्हटलं, "मला विचारू नको. मी लबाड आहे. तू स्वतः बघून घे, अजून एकदा, उजेडात." एवढं मात्र मी तुझ्याहून बरं केलं, माय, हे मान्य कर. पोरीला बघायला सांगितलं.

तू मला लग्नात तोच पितळी डबा दिला होतास. मी म्हणायचे, जुनंच दिलं, नवं घ्यायला जीव गेला. तो अजून माझ्यापाशी आहे, कलई गेली, झाकण घट्ट बसत नाही. पाहुण्यांसाठी बेसनाचे लाडू करून त्यातच भरणार आहे, अन् तूप टिपायला तळाशी कागद लागतोच, तर कॅलेंडरची ही पानं कामी येतील. तूप लागलं की अक्षर फुटतं. फुटू दे. माफ मी केलेलं नाही. पण एक सांगून टाकते, खोटं सांगताना एवढं मोकळं वाटतं हे तू मला कधी बोलली नाहीस. आत्याला पिक्चर अजून पुरा सांगून झालेला नाही. शेवट काय करावा याचा मी विचार करतेय. ती बाई स्टेशनावर जाईल, पेटी घेऊन जाईल, हसेल, हे तर ठरलंच. पण तिच्या मांडीवर एक डबा ठेवावा म्हणते, गरम, अन् तो तिनं स्वतःच उघडून खावा.

पाहुणे गुरुवारी पुन्हा येतो म्हणून गेलेत.